गाडी मागून बसते तेव्हा

(बारामती येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



ओळख करून देताना सांगितलं गेलं की आम्ही तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केली आणि उभा जन्म तर्कशास्त्र शिकवण्यात घालवला. खरं आहे. आणि आजचा विषय काय, तर जड भरलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचे मागचे पाटे! पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतंय, 'सरांचा आणि पाट्यांचा काय संबंध?' (हशा) संबंध आहे. आम्ही तर्कात एक चूक केली आणि ती भर रस्त्यात उघडी पडली. तिथून या विषयाचा अभ्यास सुरू झाला. तेव्हा आज जे सांगणार ते गॅरेजवाल्याचं ज्ञान नव्हे, चुकलेल्या माणसाचा हिशेब आहे. तो तुमच्या उपयोगी पडावा, एवढीच इच्छा.

आमच्या गावची दिंडी तुकोबांच्या पालखीबरोबर चालते. गाव इंदापूर तालुक्यातलं. रोटी घाट चढून पालखी उंडवडीला येते, मग बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि पुढे सराटीला नीरास्नान. हा रस्ता इथल्या प्रत्येकाच्या पायाखालचा आहे. दिंडीबरोबर एक गाडी असते. डबल केबिनची पिकअप, चारही चाकांना ताकद जाणारी. फोर-व्हील कशाला, असं बाहेरचे विचारतात. इथला माणूस विचारत नाही. आषाढात मुक्काम कोणाच्या तरी रानात पडतो, रान काळ्या मातीचं, वरून पाऊस. साधी गाडी एकदा रुतली की सकाळी ट्रॅक्टर आल्याशिवाय निघत नाही.

ही आमची गाडी मागून बसायला लागली. सगळं सामान भरलं की शेपूट खाली आणि नाक वर. खड्ड्यात गेली की मागे 'धाड' असा आवाज. आम्ही गॅरेजमध्ये गेलो आणि फर्मावलं, 'पाटे कमजोर झालेत. दोन पाटे वाढवा.' मिस्त्री म्हणाला, 'सर, आधी गाडी काट्यावर घाला. वजन किती जातंय ते बघू.' आम्ही म्हणालो, 'वजन दर वर्षी तेवढंच असतं.' त्याने पाटे टाकले. भरलेली गाडी सरळ उभी राहिली. आम्ही खूश.

त्याच वारीत, निमगाव केतकीच्या मुक्कामी सामान उतरवून झालं आणि गाडी रिकामी करून पुतण्या औषधं आणायला निघाला. शेजारी आम्ही. पाऊस नुकताच थांबलेला, ट्रॅक्टरच्या चाकांनी रानातला चिखल डांबरावर आणलेला. वेग चाळीसच्या आत. वळणावर थोडा ब्रेक लागला आणि गाडीचा मागचा भाग सुटला. आडवी होत गेली. जिथे थांबली तिथून हातभर अंतरावर रस्त्याच्या कडेला पाच-सहा बायका बसल्या होत्या. तुळशीवृंदावनं खाली ठेवून पाय चोळत होत्या. कोणाला काही झालं नाही. त्यांच्यातली एक म्हातारी उठून पुतण्याला म्हणाली, 'माउली, घाबरू नका.' आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही.

चूक कुठे झाली?

आता बघा. आमचं अनुमान काय होतं? 'गाडी मागून बसते. म्हणून पाटे कमजोर आहेत.' न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. अन्नंभट्टाने तर्कसंग्रहात पाच हेत्वाभास सांगितले, त्यातला पहिला सव्यभिचार. म्हणजे दिलेलं कारण साध्याशी एकनिष्ठ नाही, दुसऱ्या घरीही जाऊन राहतं. पाटे कमजोर असले तर गाडी बसते. पण पाटे नवे कोरे असून वजन जास्त असलं तरी बसते. वजन ठीक असून ते चुकीच्या जागी ठेवलं तरी बसते. 'बसणं' हे तिन्ही घरी सापडतं. मग त्यावरून पाट्यांना दोषी कसं ठरवणार? हा प्रश्न आम्ही पोरांच्या पेपरात घालत आलो, आणि स्वतःच्या पेपरात नापास झालो. (हशा)

उपाय जुनाच आहे, अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तेव्हा कार्य दिसतं का, आणि कारण काढून घेतलं की कार्य जातं का, दोन्ही तपासायचं. गाडी पूर्ण रिकामी करा, सपाट जागी उभी करा. मागच्या चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या, दोन्ही बाजूंना. जमिनीपासून घेऊ नका, नाहीतर टायरमधली हवा मापात शिरते. रिकामी असतानाही गाडी बसलेली असेल, किंवा एक बाजू दुसरीपेक्षा खाली असेल, तर पाटे थकलेत. रिकामी असताना ताठ आणि भरल्यावरच बसत असेल, तर आधी वजनाची चौकशी करा.

काट्याची साक्ष

वजन मोजायला आपला मुलूख भाग्यवान. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, साखर कारखान्यांचा हा पट्टा. ऊस आला की काटा आला. कारखान्याचा काटा सोडा, रस्त्याच्या कडेलाही खासगी वजनकाटे सापडतात. पावती घेतली की झालं. मात्र वजन तीनदा करायचं. एकदा पूर्ण गाडी. एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर. एकदा फक्त मागची. एकूण वजन एकटं पुरेसं नसतं, ते पुढे-मागे वाटलं कसं गेलंय हे कळायला हवं.

आम्ही घरी आल्यावर दिंडीचं सगळं सामान पुन्हा जसंच्या तसं भरलं आणि काट्यावर गेलो. आकडे सोपे जावेत म्हणून गोल करून सांगतो. रिकामी गाडी, डिझेल आणि चालकासह: पुढे ९५०, मागे ८००, एकूण १,७५० किलो. भरलेली: पुढे ८६०, मागे २,१४०, एकूण ३,००० किलो. गाडीच्या कागदावर एकूण मर्यादा २,७०० आणि मागच्या एक्सलची १,७००. म्हणजे एकूण ३०० किलो जास्त, पण मागच्या एक्सलवर ४४० किलो जास्त!

आता एक चमत्कार पाहा. आम्ही गाडीत १,२५० किलो घातले. पुढचं वजन वाढायला हवं होतं ना, निदान तेवढंच राहायला? ते ९० किलोने कमी झालं. हे कसं?

ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. गाडीत वजन मागे गेलं की गाडी उलाळ होते. जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर भारच राहत नाही. शहाणा गाडीवान उतरतो आणि दोन पोती पुढे ओढतो. तो चाकांना काही करत नाही. मोटारीलाही तेच लागू. आमची पाण्याची टाकी शेवटच्या फळीला टेकवून ठेवलेली, कारण नळ बाहेरून सोडायला सोपा पडतो. हिशेब असा: समजा पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे आणि मागच्या एक्सलच्या मागे १ मीटरवर ३०० किलो ठेवले. तर मागच्या एक्सलवर ३०० नाही, ४०० किलो येतात. वरचे १०० पुढच्या चाकांवरून उचलून आणलेले असतात. पुढची चाकं हलकी झाली म्हणजे स्टिअरिंग हलकं झालं, पुढच्या ब्रेकची पकड कमी झाली, आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत गेले. पाटे वाढवून नाक खाली आणता येतं, पण गेलेले ९० किलो परत येत नाहीत. दिसणं सुधारतं, असणं तसंच राहतं.

पाटा म्हणजे काय करतो?

रॉबर्ट हूक नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ. त्याने १६७६ मध्ये स्प्रिंगचा नियम अक्षरांची सरमिसळ करून कोड्यासारखा छापला, म्हणजे शोध आपल्या नावावर राहील आणि कोणाला कळणारही नाही! १६७८ मध्ये त्याने उलगडा केला. अर्थ साधा: जेवढा जोर तेवढी ताण. दुप्पट वजन ठेवलं की स्प्रिंग दुप्पट दबते. एक सेंटिमीटर दबायला किती किलो लागतात, तो त्या स्प्रिंगचा कडकपणा.

पाट्यात हा कडकपणा कशावर ठरतो? पाट्यांची संख्या, रुंदी, लांबी आणि जाडी. यात जाडी फार तिखट आहे. कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी १० टक्के वाढली की कडकपणा ३३ टक्के वाढतो. जाडी दुप्पट केली तर आठपट. म्हणून 'जुना ट्रकचा पाटा पडलाय, तोच कापून टाकू' असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. डोळ्याला फरक चिमूटभर दिसतो, गाडीला तो मूठभर लागतो.

आता कडक पाटा वाईट का? वजन पेलतो की! प्रश्न रिकाम्या गाडीचा आहे. प्रत्येक स्प्रिंगवरची गाडी स्वतःच्या लयीत वरखाली होते. ती लय काढायची सोपी रीत अशी: आपल्यावरच्या वजनाने स्प्रिंग किती सेंटिमीटर दबली आहे ते पाहा, त्याचं वर्गमूळ काढा आणि ५ला त्याने भागा. येतील तितके हेलकावे दर सेकंदाला. १६ सेंटिमीटर दबली तर सव्वा. ४ सेंटिमीटर दबली तर अडीच. माणसाला साधारण एक ते दीडची लय सोसते, चालण्याच्या लयीच्या आसपासची. दोनच्या पुढे गाडी आपटायला लागते.

समजा आमच्या मागच्या दोन्ही पाट्यांचा मिळून मूळ कडकपणा सेंटिमीटरला ८० किलो. मागची चाकं, एक्सल वगैरे जमिनीवरच असतात, ते २०० किलो वजा करू. रिकाम्या गाडीचे पाट्यांवर ६०० किलो. पाटे साडेसात सेंटिमीटर दबले, लय १.८. ठीक. दोन पाटे वाढवून कडकपणा दीडपट केला, १२० झाला. आता रिकामी गाडी फक्त ५ सेंटिमीटर दबते, लय २.२. चाक खड्ड्यातून वर येतं तेव्हा रस्ता सोडून क्षणभर हवेत राहतं. हवेतल्या चाकाला पकड कुठली? त्यात ओला चिखल, मागे जेमतेम ८०० किलो, टायरमध्ये भरलेल्या गाडीच्या मापाची हवा. शिवाय फक्त मागचीच बाजू कडक केली की वळणावर मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार पडतो आणि मागची बाजू आधी सुटते. निमगावला जे घडलं त्याचं कारण हे. ज्या दोन पाट्यांनी भरलेली गाडी सरळ उभी केली, त्याच दोन पाट्यांनी रिकामी गाडी आडवी केली.

आणखी एक गोष्ट खास फोर-व्हीलवाल्यांसाठी. रानात, कालव्याच्या कडेला, खोल चाकोरीत गाडीचा उपयोग तेव्हा, जेव्हा चारही चाकं जमिनीला टेकलेली असतात. पाटे मऊ असतात म्हणून एक चाक खड्ड्यात खाली जातं, दुसरं ढेकळावर चढतं. मागचा भाग दगडासारखा कडक केला की एक चाक लोंबकळतं, आणि साध्या डिफरन्शियलमध्ये ताकद त्या लोंबकळणाऱ्या चाकालाच फिरवत बसते. मोठे पैसे देऊन घेतलेली फोर-व्हील आपण चार पाट्यांनी टू-व्हीलच्या जवळ आणून ठेवतो.

मग पर्याय कोणते?

आधी गाडीची जात ओळखा. बोलेरोची पिकअप, इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स यांना मागे पाटे असतात. २०२० नंतरची थार, स्कॉर्पिओ-एन यांना मागे गोल स्प्रिंग असतात. गोल स्प्रिंगच्या गाडीला पाटा वाढवता येत नाही, तिचे पर्याय वेगळे.

पहिला पर्याय, जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देणं. स्वस्त पडतं. पण पाट्याचं पोलाद विशिष्ट रीतीने तापवून, विझवून कमावलेलं असतं. भट्टीत लाल करून वाकवलं आणि तो संस्कार नीट पुन्हा केला नाही, तर कमान काही महिन्यांत उतरते किंवा पाटा तुटतो. तात्पुरता उपाय म्हणूनच बघा.

दुसरा, पाटा वाढवणं. आमचाच पर्याय. कडकपणा कायमचा वाढतो, गाडी भरलेली असो वा रिकामी. जिच्यावर भार सतत असतो तिलाच हे शोभतं, आणि तेही एखादा, त्याच मापाचा पाटा.

तिसरा, हेल्पर पाटा. हा मुख्य पाट्यांपासून थोडा अंतर ठेवून असतो. गाडी हलकी असताना तो झोपलेला. वजन वाढून मुख्य पाटे दबले की टेकतो आणि कामाला लागतो. म्हणजे एकाच गाडीत दोन स्वभाव. सकाळी ३० कॅरेट डाळिंब, कॅरेटमागे २० किलो धरले तर ६०० किलो, घेऊन इंदापूरच्या बाजारात जायचं आणि दुपारी रिकामं यायचं, अशा गाडीला हा चांगला. कितीतरी पिकअपना तो कंपनीकडूनच असतो. तो झिजलाय का, तुटलाय का, एवढंच कधी कोणी वाकून बघत नाही.

चौथा, पूर्ण नवा जड संच. हे संच सतत राहणाऱ्या भाराच्या हिशेबाने बनतात, उदाहरणार्थ कायम ३०० किलो असणाऱ्या गाडीसाठी. इथे 'कायम' हा शब्द मोलाचा. फवारणीची टाकी, अवजारांची लोखंडी पेटी, वर सांगाडा, हे बाराही महिने गाडीवरच असेल तर हा संच घ्या. वर्षातून तीन आठवडे भार आणि बाकी वर्ष रिकामी, अशा गाडीला घेऊ नका. गोल स्प्रिंगच्या गाडीतही निवड याच तत्त्वावर करायची.

पाचवा, हवेच्या बॅगा. हवा भरली की आधार वाढतो, सोडली की कमी होतो. भिगवणहून उजनीची मासळी बर्फात घालून नेणाऱ्याचा भार रोज बदलतो, त्याला हे सोयीचं. गोल स्प्रिंगच्या बऱ्याच गाड्यांत बॅग स्प्रिंगच्या पोटात बसते. पण तीन पथ्यं आहेत. डाव्या-उजव्या बॅगांच्या नळ्या एकमेकींना जोडू नका. जोडल्या तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी अधिकच कलते. दुसरं, रिकाम्या गाडीतही सांगितलेली किमान हवा ठेवा, नाहीतर बॅग चिमटून फाटते. तिसरं, पाट्यांच्या गाडीत बॅग चेसिस आणि एक्सल यांच्या मधोमध बसते. पाटा आपला भार चेसिसला दोन टोकांना वाटून देतो. बॅग तो एकाच जागी देते. मागे लांबवर जड सामान, त्यात बॅगेत ठासून हवा आणि खराब रस्ता, असं झालं की त्या जागी चेसिसला तडा जाऊ शकतो.

सहावा, शॉकअप. याच्याबद्दल मोठा गैरसमज आहे. 'शॉकअप बदला, गाडी उचलेल' असं सर्रास म्हणतात. साधा शॉकअप वजन उचलत नाही. पाटा हेलकावे घेतो, शॉकअप ते थांबवतो. मात्र पाटा जितका कडक, तितक्या जोराने तो उलटून येतो आणि त्याला आवरायला तितकाच दमदार शॉकअप लागतो. म्हणून पाट्यांचा संच जड बसवला आणि शॉकअप जुनेच ठेवले, तर वळू आणला पण दोर जुनाच, अशी गत. आजकालच्या पॅराबोलिक पाट्यांत तर हे आणखी महत्त्वाचं. जुने पाटे एकमेकांवर घासायचे आणि त्या घर्षणातच थोडे हेलकावे मरायचे. पॅराबोलिक पाटे टोकांना आणि मध्येच टेकतात, घर्षण कमी, आराम जास्त, सगळी मदार शॉकअपवर.

पाट्याने जे बदलत नाही

आता या व्याख्यानातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य. पाटे बदलल्याने गाडीची क्षमता वाढत नाही.

क्षमता ही साखळी आहे. पाटा, शॉकअप, टायर, रिम, बेअरिंग, एक्सल, चेसिस, ब्रेक. एक कडी जाड केली म्हणून साखळी जाड होत नाही. टायरचंच बघा. टायरच्या बाजूला मापापुढे एक आकडा असतो. १०० म्हणजे त्या टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, ११२ म्हणजे १,१२० किलो, तेही पूर्ण हवा असताना. आमच्या टायरवर १०४ होतं. दोन टायरचे १,८००. आम्ही त्यांच्यावर २,१४० ठेवत होतो! गाडी बसत होती तोवर ती ओरडून सांगत तरी होती. आम्ही पाटे वाढवून तिचं तोंड बंद केलं.

ब्रेकचंही तसंच. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला एक झडप असते, ती एका दांडीने एक्सलला जोडलेली. गाडी दबली की झडप समजते की वजन आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर देते. पाटे वाढवून गाडी उचलली की झडपेची फसगत होते. तिला वाटतं गाडी रिकामीच आहे. भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो आणि थांबायला अंतर जास्त लागतं. म्हणून मागची उंची बदलली की ही दांडी कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा जुळवून घ्यायची, ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना ते बघायचं, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आवाज करतो का तेही. हे मिस्त्रीला मुद्दाम सांगा.

कायदाही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. आणि जादा भाराबद्दल कलम १९४, २०१९च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. तुमची गाडी एमएच-४२ असेल तर बारामतीचं परिवहन कार्यालय जवळच आहे. मोठा बदल करण्याआधी तिथे विचारा. दंडाचं सोडा हो. दंड भरता येतो. त्या वळणावर बसलेल्या बायका आम्हाला भरून देता आल्या नसत्या.

शेवटी काय केलं?

सगळं सामान अंगणात मांडलं आणि यादी केली. टाकीसह पाणी ५२० किलो. तंबू आणि ताडपत्र्या १५०. शिधा १५०. भांडी, शेगड्या आणि चार सिलिंडर १९०. जनरेटर ६०. मागच्या सीटवर तीन वृद्ध वारकरी १८०. एकूण १,२५०.

यादी वाचली आणि दिंडीत वाद सुरू झाला. एक जण म्हणाला, माणसं कमी करा. तेव्हा आमच्या वीणेकऱ्याने विचारलं, गाडी कशासाठी आहे? जे चालू शकत नाहीत त्यांच्यासाठी. मग माणसं हलणार नाहीत, सामान हलेल. हा आमच्या विषयातला प्रश्न होता, साध्य कोणतं आणि साधन कोणतं, आणि तो आमच्याआधी त्याने सोडवला.

पाणी कुठलं कमी करायचं? वारीच्या वाटेवर मुक्कामी प्रशासनाचे टँकर असतात. चालत्या गाडीत ५०० लिटर नेण्याची गरजच नव्हती, आम्ही सवयीने नेत होतो. २०० लिटर ठेवले. ३०० किलो गेले. तंबू आणि जनरेटर दिंडीच्या ट्रकमध्ये टाकले, २१० गेले. टाकी पुढे केबिनला टेकवली आणि घट्ट बांधली. नळाला लांब पाइप जोडला, खर्च किरकोळ. पुन्हा काट्यावर गेलो. पुढे १,०१०, मागे १,४८०, एकूण २,४९०. सगळं मर्यादेत. पुढच्या चाकांवर तर आता रिकाम्या गाडीपेक्षाही ६० किलो जास्त!

मग, सगळ्यांत शेवटी, पाटे. वाढवलेले दोन काढले. मूळ पाटे मापले तर डावी बाजू दीड सेंटिमीटर खाली, म्हणजे थकलेले होतेच. आमचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, फक्त अपुरं होतं. कंपनीच्या मापाचा नवा संच, त्याचा हेल्पर पाटा, नवे बुश, नवे शॉकअप. भरल्यावर गाडी आठ सेंटिमीटर दबते आणि रबराला टेकायला चार सेंटिमीटर जागा उरते. रिकामी असताना सरळ चालते. त्या मिस्त्रीकडे जाऊन सांगितलं, 'तुझं बरोबर होतं.' तो म्हणाला, 'सर, मी तेव्हाच जोरात बोलायला पाहिजे होतं.' तेही खरंच. पण तो जोरात बोलला नाही, कारण समोर प्रोफेसर उभे होते.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी मोजा, मग कमी करा, मग पुढे सरकवा, आणि मग उरेल त्या भारासाठी पाटे निवडा. या क्रमाने गेलात तर बहुतेकदा शेवटची पायरी स्वस्त पडते.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न:* सर, कंपनी मर्यादा मुद्दाम कमी सांगते, गाडी त्याहून जास्त ओढते, असं सगळे म्हणतात.

ओढते, नाही कोण म्हणतं? ओढणं इंजिनाचं काम आहे. प्रश्न थांबण्याचा आणि टिकण्याचा आहे. मर्यादेत राखीव जागा असते, ती खड्ड्यासाठी, उतारासाठी आणि जुन्या झालेल्या बेअरिंगसाठी. ती आपण रोजच वापरली तर खड्डा आला त्या दिवशी काय उरेल?

*प्रश्न:* बैलगाडीला पाटे नसतात, तरी ऊस वाहतेच की?

छान प्रश्न. वाहते, कारण तिचा वेग माणसाच्या चालीचा. धक्का वेगाबरोबर वाढतो. वेग आला म्हणून पाटा आला, आणि बैलगाडीचा वेग मोटारीला दिला की पाट्याची अर्धी कामं कमी होतात. भरलेली गाडी हळू चालवणं, हा सगळ्यांत स्वस्त सस्पेन्शन बदल आहे. (हशा)

*प्रश्न:* काट्यावर जायला वेळ नसेल तर?

तर निदान टेप तरी ठेवा. रिकाम्या गाडीचं माप चारही चाकांवर एकदा लिहून ठेवा. भरल्यावर पुन्हा मोजा. मागचं माप कमी झालं तर समजण्यासारखं आहे. पण पुढचं माप वाढलेलं दिसलं, तर गाडी उलाळ झाली. उतरा, आणि दोन पोती पुढे ओढा.